चौरस किलोमीटरमागे चौऱ्याहत्तर माणसं : गडचिरोलीतले पाच दिवस

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातल्या चार गल्ल्या माझ्या वाट्याला आल्या होत्या. ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सुटली की पिशवीत फॉर्म घालून निघायचं. एकेका माणसामागे एकोणतीस प्रश्न, आणि दर दुसऱ्या घरात चहा. सहाशेच्या वर माणसं लिहिली, पण एका घरातून दुसऱ्या घरात जायला कधी अर्धा मिनिट लागला नाही.

नंतर आकडे जाहीर झाले तेव्हा गडचिरोलीच्या ओळीवर नजर थांबली. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे आमच्या साताऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट मोठा जिल्हा आणि माणसं साताऱ्याच्या एक तृतीयांशाहून जराशी जास्त. चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं, तेव्हा राज्याची सरासरी ३६५ होती. ही एवढी पांगलेली माणसं मोजली कोणी, कशी, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. आता पुढच्या जनगणनेची अधिसूचना निघाली आहे, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. शिक्षकांच्या यादीत माझं नाव येणारच. त्याआधी एकदा तिकडे जाऊन यायचं ठरवलं. मिस्टर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नद्या बघायला मिळतील म्हणून तेही लगेच तयार झाले.

दिवस पहिला : वडसा

साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियाला जाते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी पकडली की दोन-अडीच तासांत वडसा. सरकारी कागदावर या तालुक्याचं नाव देसाईगंज, लोकांच्या तोंडी मात्र वडसाच. आम्ही गेलो तेव्हा प्रवासी गाडी मिळणारं हे जिल्ह्यातलं एकमेव स्टेशन होतं. गडचिरोलीपर्यंत रूळ नेण्याचं काम सुरू आहे.

जानेवारीत वडशाला उतरलात तर रात्री झोपायचा बेत करू नका. झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचा, हा ऐन हंगाम. दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीच्या सुमाराला संपतो. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशात रांगेने आहेत. दाराशी फलक, आत टेबलावर तारखांची वही, आणि गावोगावची मंडळं तारीख पक्की करायला बसलेली. लॉजच्या मालकांनी विचारलं, "कोठी जाता जी? नाटकाले?" आणि जवळच्याच गावाची वाट सांगितली.

त्या गावात दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती झाल्या होत्या, रात्री नाटक. मोकळ्या जागेत जमीन उताराची खणून घेतली होती, त्यामुळे मागे बसणाऱ्यालाही रंगमंच नीट दिसत होता. थंडी मरणाची. लोक गोधड्या, चादरी घेऊनच आले होते. माझ्या शेजारच्या मावशींनी काही न विचारता त्यांच्या चादरीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. त्यांच्या घरी त्या रात्री एकवीस पाहुणे होते. लेकी, जावई, नातवंडं, व्याही, सगळे पटाला आलेले. "पट असला म्हंजे पोरी येतेतच," म्हणाल्या. लग्नाच्या सोयरिकीही अशाच रात्रींमधून जुळतात म्हणे. नाटक पहाटेपर्यंत चाललं. मध्ये लावण्या झाल्या, विनोदी प्रवेश झाले, आणि शेवटच्या अंकात माझ्या मागची निम्मी बायकामाणसं पदराने डोळे पुसत होती. मीही त्यांतलीच. कुठलंही अनुदान न मागता गावागावांत तिकीट काढून उभी राहिलेली ही रंगभूमी आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रात कितीजणांना ठाऊक आहे?

सोबत ठेवा : गरम कपडे, कानटोपी, बसायला सतरंजी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका.

दिवस दुसरा : गडचिरोली आणि मेंढा

वडसा ते गडचिरोली एसटीने दीड तास. वाटेत आरमोरी, कोशाच्या कापडाचं गाव. दोन्ही बाजूंना धानाच्या कापलेल्या बांध्या, त्यांत लाखोळीची हिरवळ, आणि दर थोड्या अंतरावर तलाव. हे मालगुजारांच्या काळातले तलाव, इथे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, माजी मालगुजारीचं संक्षिप्त रूप. मिस्टर प्रत्येक तलावाची पाळ दिसली की खिडकीतून मान बाहेर काढत होते.

गडचिरोली शहर छोटं आहे. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूरमधून. तेव्हा गडचिरोली आणि सिरोंचा एवढ्याच दोन जुन्या तहसिलींचा हा मुलूख. गडचिरोली तहसील तरी कधीची, तर १९०५ ची, जमीनदाऱ्या एकत्र करून केलेली. आज बारा तालुके आहेत. कलेक्टर कचेरी एका टोकाला आणि तालुके दोनशे किलोमीटर दक्षिणेला, म्हणून अहेरीला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचं वेगळं कार्यालय आहे, आणि आदिवासी विकासाचे प्रकल्पही तीन : गडचिरोली, अहेरी, भामरागड.

कचेरीच्या आवारातल्या टपरीवर चहा घेताना एक आजोबा भेटले. एटापल्ली तालुक्यातून वारसाच्या नोंदीच्या कामाला आले होते. आदल्या दिवशी दुपारी घरून निघाले, रात्री आलापल्लीत नातेवाइकाकडे झोपले, पहाटेची बस धरली. काम व्हायला वीस मिनिटं लागली आणि परत घरी पोचायला पुन्हा दुसरा दिवस उजाडणार होता. पिशवीत प्लॅस्टिकच्या तीन थैल्यांत एकात एक गुंडाळलेले कागद होते. पावसाळा नव्हता तरी. नाले ओलांडताना कागद भिजू नयेत ही सवय हाताला लागलेली.

दुपारी धानोरा रस्त्याने मेंढ्याला गेलो. मेंढा (लेखा), जिल्ह्याच्या गावापासून तीसेक किलोमीटर. आधी कळवून गेलो होतो, तुम्हीही तसंच करा. शंभरच्या आसपास घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं आमच्या पिढीने वर्तमानपत्रांत वाचली आहेत. नागरिकशास्त्राच्या तासाला मी ग्रामसभा शिकवते, वर्षातून इतक्या बैठका, इतकी गणपूर्ती वगैरे. इथे अंगणात बसून जे ऐकलं ते निराळं होतं.

ज्यांच्या अंगणात बसलो ते काका हिशेबाला पक्के. त्यांनी सांगितलं, इथे मतदान घेत नाहीत. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेला. "मंग त्याले समजवाचं, नाहीतर त्याच्याकडून आपण समजून घ्यावाचं." निर्णयाला वेळ लागतो, पण झाला की मोडत नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या गावांना मिळाला त्यांतलं हे एक. पण हक्काचा कागद हातात असूनही बांबू गावाबाहेर न्यायला वाहतुकीचा परवाना लागायचा आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याकडे होता. परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं एप्रिल २०११ मध्ये. दोन वर्षं एका पुस्तकासाठी. मी काकांना विचारलं, पुस्तक मिळाल्यावर पहिलं काय केलं? म्हणाले, "काही नाही, नांगर बाजूला ठेवल्यावानी वाटलं." पुढे २०१३ मध्ये गावाने जमिनी ग्रामदानात देण्याचा, म्हणजे त्यांची मालकी सगळ्या गावाच्या नावे करण्याचा ठराव केला, १९६४ च्या कायद्याप्रमाणे.

निघताना काकूंनी मोहाच्या फुलांचे लाडू दिले. चव मनुक्यासारखी, पण वास थेट जंगलाचा.

दिवस तिसरा : चामोर्शी, मुलचेरा, आलापल्ली

इथून पुढे आम्ही गाडी भाड्याने केली. बसही आहे, पण दिवसाला मोजक्या फेऱ्या, आणि एक चुकली तर मुक्काम. वेळ असेल त्यांनी बसनेच जावं, गप्पा बसमध्येच होतात. (बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे सांगायला नको.)

चामोर्शीजवळ मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावरची देवळं पाहिली. नदी इथे उत्तरेकडे वळते. सकाळच्या धुक्यात दगडी मूर्तींवर दव होतं आणि आवारात आम्ही दोघंच.

मुलचेऱ्याकडे वळलो आणि अर्ध्या तासात गावांची नावं बदलली. सुंदरनगर, विवेकानंदपूर. अंगणात तुळशीवृंदावनाच्या जागी मातीचा छोटा ओटा, घरामागे पोखर म्हणजे तळं, तळ्यात मासे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठच्या दशकात दंडकारण्यात वसवलं, त्यांतली ही गावं. एका दुकानात रसगुल्ले खायला थांबलो. दुकानदार ताई घरात बंगालीत बोलत होत्या, आमच्याशी मराठीत, आणि दुधाच्या कॅन घेऊन आलेल्या गोंड मुलाशी अर्धी गोंडी मिसळून. त्यांच्या सासूबाई वयाच्या आठव्या वर्षी आल्या. आठवण एकच सांगतात : आगगाडी, मग ट्रक, मग झाडं आणि झाडंच. दुकानाच्या भिंतीवर आजेसासऱ्यांचा फोटो होता, त्याखाली पत्र्याच्या पेटीत त्यांचं निर्वासिताचं कार्ड अजून जपून ठेवलेलं. "जातीचा दाखला काढायचा तर आमचा समाज तिकडच्या यादीत आहे, इकडच्या यादीत नाही," ताई म्हणाल्या. बंगालमध्ये अनुसूचित जातींत असलेल्या, पण महाराष्ट्राच्या यादीत नसलेल्या नमःशूद्रांची ही तक्रार जुनी आहे, आणि तिसऱ्या पिढीलाही ती तशीच सांगावी लागते याचं मला फार वाईट वाटलं.

मुक्काम आलापल्लीला. दक्षिणेच्या सगळ्या वाटा इथून फुटतात. एटापल्लीकडे, भामरागडकडे, सिरोंच्याकडे.

दिवस चौथा : भामरागड

पहाटे निघालो. आलापल्लीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर 'वनवैभव' आहे, सहा हेक्टरांचा न तोडलेला जुना सागवान. आत गेलं की आवाज बदलतो. एका झाडाला आम्ही दोघांनी मिळून मिठी मारली, हात पोचले नाहीत.

पुढे चाळीस किलोमीटरवर गाडीचं चाक पंक्चर झालं. स्टेपनीत हवा नव्हती. दीड तास रस्त्याच्या कडेला. त्या दीड तासात तीन मोटारसायकली आणि एक बस गेली, आणि चौघंही थांबून विचारून गेले. शेवटी एका पोराने पंप आणून दिला. त्याने पैसे घेतले नाहीत.

भामरागड तालुका लोकसंख्येने जिल्ह्यात सर्वांत लहान. माडिया समाज बहुसंख्य. अलीकडे हेमलकसा, जिथे १९७३ पासून लोक बिरादरी प्रकल्प आहे, पलीकडे पर्लकोटा नदी ओलांडली की गाव. तीन नद्या इथे भेटतात, पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती. समोरचा काठ छत्तीसगडचा. बाजाराचा दिवस होता. सुकट, मीठ, मातीची मडकी, टोपल्यांत वास्ते म्हणजे बांबूचे वाळवलेले कोंब, आणि पानाच्या द्रोणात लाल मुंग्यांची चटणी. मी खाल्ली. आंबट, झणझणीत, लिंबात मिरची वाटल्यासारखी. माणसांचे फोटो काढताना आधी विचारा. नको म्हटलं तर मोबाइल खिशात.

शिक्षकांच्या ग्रुपवरून ओळख झालेले एक सर आम्हाला भेटायला बाजारात आले. २०११ ला तेही प्रगणक होते. मला ज्यासाठी यायचं होतं ते हेच. त्यांच्या घरी ओसरीवर बसलो, भात, लाखोळीची डाळ आणि सेमीच्या शेंगांची भाजी खाल्ली, आणि मग त्यांनी कपाटातून एक वही काढली. जनगणनेत आधी गटाचा, म्हणजे आपल्या वाट्याच्या वस्तीचा, नजरी नकाशा काढावा लागतो. माझ्या नकाशात गल्ल्या होत्या, कोपऱ्यावर मारुती, पलीकडे दूध डेअरी. त्यांच्या कच्च्या नकाशात एक नाला तीनदा वळून गेला होता आणि खुणा म्हणून झाडं होती. 'मोठा मोह'. 'दोन साजा'. 'पडलेला बेहडा'. घरांचे चौकोन चार ठिकाणी पुंजक्यांनी, मधे कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर त्यांनी पेन्सिलीने तासांचे आकडे टाकले होते. दीड. दोन. सव्वा.

"मॅडम, तुमच्याकडे घर नंबर घातला की झालं. इथे एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर गेलो आणि माणसं जंगलात असली, तर रात्री तिथेच राहायचं. सकाळी उठून निघण्याआधी लिहून घ्यायचं."

वय कसं लिहिलं, विचारलं. सर म्हणाले, तारीख कोणालाच माहीत नसायची. मग आठवणींना धरून मोजायचं. छियाऐंशी सालच्या मोठ्या पुराआधीचा की नंतरचा? पूर आला तेव्हा पाठीवर होता की चालत होता? एका आजींनी सांगितलं, पूर आला तेव्हा हा पोटात होता. झालं, पंचवीस वर्षं म्हणजे चोवीस पूर्ण. मी हे ऐकत असताना मला आमच्या गावातली आधार कार्डं आठवली, जिथे निम्म्यांचा वाढदिवस १ जानेवारी किंवा १ जून असतो. त्यापेक्षा पोटात होता हे उत्तर किती खरं.

मातृभाषेचा प्रश्न दहावा. सरांनी प्रत्येक घरात नीट विचारून 'माडिया' लिहिलं. घाईत कोणी 'मराठी' लिहिलं असतं तर चाललं असतं, तपासायला कोण येतंय. "पण माझ्या वर्गात पोरगं पहिल्या दिवशी येतं तेव्हा त्याला मराठीतलं पाणी कळत नाही. त्याचं पाणी म्हणजे एर. ते कागदावर नको यायला?" जिल्ह्यात सात भाषा बोलल्या जातात, मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगडी, हिंदी. पुस्तक मराठीतच.

पावसाळ्यात पर्लकोटा चढली की वर्षानुवर्षं शंभराहून जास्त गावांचा संपर्क तुटत आलाय. म्हणून इथले लोक जून उजाडायच्या आत तांदूळ, मीठ, तेल भरून ठेवतात. पोटुशी बाई असेल तर तिला आधीच अलीकडच्या काठाला, दवाखान्याजवळ आणून ठेवतात. मिस्टरांनी विचारलं, पाणी किती चढतं. सरांनी बाजारपेठेतल्या एका दुकानाची भिंत दाखवली. माझ्या डोक्याच्या वर रेघ होती.

भीतीचा विषय निघाला नाही असं नाही. चाळीसेक वर्षं या भागाने नक्षल आणि पोलीस दोघांची दहशत पाहिली. आता हवा बदलते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत साठेक नक्षलवादी एकाच वेळी शस्त्रं टाकून आले. एटापल्ली तालुक्यात गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या रस्त्यावर १ जानेवारी २०२५ ला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. सर म्हणाले, बस आली त्या दिवशी लोक तिला हात लावून बघत होते. एवढं सांगून ते गप्प झाले आणि आम्हीही पुढे विचारलं नाही.

इकडे येणाऱ्यांसाठी : आलापल्लीला पेट्रोल भरून घ्या, रोख पैसे ठेवा, स्टेपनी स्वतः तपासा. रेंजचा भरवसा नाही. मच्छरदाणी किंवा मलम आवश्यक, या तालुक्यांत मलेरिया गंभीर असतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेलो होतो ते आधी सांगा. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा.

दिवस पाचवा : सिरोंचा

आलापल्लीहून दक्षिणेला जवळजवळ शंभर किलोमीटर. रस्ता खड्ड्यांतून शोधावा लागतो, वेळ हातचा ठेवून निघा. थंडी मागे राहते, पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसायला लागतात, आणि जेवणात अंबाडीची आंबट डाळ येते.

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. इंग्रजांच्या काळात १८६० पासून काही वर्षं सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला, गाव चांद्याला जोडलं गेलं, आणि मग शंभर वर्षं सगळा कारभार चंद्रपूरहून. आता गडचिरोलीहून, तेही दोनशे किलोमीटर. दवाखान्यासाठी, बाजारासाठी लोक नदी ओलांडून तेलंगणात जातात, लेकी तिकडेच दिलेल्या. खानावळीतल्या अक्कांचं माहेर पलीकडच्या काठाला. रेशन कार्ड इथलं, आईचं घर तिथलं. आमच्या ताटात त्या तूप वाढत म्हणाल्या, "मोजायला येतात तेव्हा मी नेमकी आईकडे असते हो. मग सासू सांगते, लिहा, ती आमचीच आहे."

मी त्यांना सांगितलं, नियमाप्रमाणे तुम्ही एरवी जिथे राहता तिथे नाव लागतं, गणनेचा सगळा काळ आईकडे असाल तरच तिकडे, पण दोन्हीकडे लावू नका. त्या हसून हो म्हणाल्या.

संध्याकाळी मिस्टर पूल बघायला गेले. मी काठावर बसून वहीत सरांचा नकाशा आठवेल तसा काढला. नाला, मोह, दोन साजा. पडलेल्या बेहड्याची जागा मात्र आठवेना, म्हणून सरांना मेसेज टाकला. तो कसाबसा गेला आणि रेंज पुन्हा गेली.

सकाळी प्राणहितेवरच्या पुलावरून मंचेरियालची बस धरली. तिकडून रेल्वेने घरी. पूल ओलांडला आणि मोबाइल एकदम वाजायला लागला. तीन दिवसांचे साठलेले मेसेज. त्यांत सरांचाही एक होता : 'बेहडा उजवीकडे, नाल्याच्या दुसऱ्या वळणाला. पण मागच्या पावसात वाहून गेला.'